अख्खी आई

मंगळवार संध्याकाळ, लोणावळा

ती बशी काही डोळ्यांपुढून हलत नाही. वलवणची एकोणीस वर्षांची पोर आज दवाखान्यात माझ्याकडे आली, सोबत धाकटी बहीण. बंगल्यांची झाडलोट करते. आई लवकर गेली, तेव्हापासून बहिणीचं सगळं हीच बघते. बसल्या बसल्या म्हणाली, "ताई, मला मोकळं व्हायचंय."

आमच्याकडे बाई मोकळी झाली म्हणजे बाळंत झाली. मी लगेच सुरू! लोहाच्या गोळ्या, आहार, बाळंतपण कुठं करायचं... समुपदेशक ना मी! तेवढ्यात तिच्यासाठी चहा आला. तिनं तो बशीत ओतला, फुंकला, बहिणीला दाराबाहेरच्या बाकावर नेऊन दिला. परत येऊन म्हणाली, "तसं न्हाई ताई. मला पाडायचंय."

आई व्हायची भीती वाटते का, असं मी विचारलं. कशाला विचारलं?

"भ्या कसलं? तिला मीच बाटलीनं दूध पाजलंय. आई व्हनं काय असतं ते मला ठाव हाय, म्हनून तर आत्ता नको. ती जरा हाताखाली यिऊ द्या. मग माझं लेकरू यील, त्याला अख्खी आई गावंल."

अख्खी आई! इतकी वर्षं या खुर्चीत बसते, मला कधी सुचला हा शब्द?

तपासणीसाठी तिला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. परत आल्यावर तिच्यासाठी दुसरा चहा मागवला. तिनं सवयीनं तोही बशीत ओतला, फुंकला, दाराकडे वळली. मग थांबली, हसली आणि स्वतः प्यायली.