राक्षसाचं सहावं बोट

तीर्थरूप ताईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून धाकटीचा नमस्कार. (डोकं सावकाशच ठेवते आहे, तुझा डावा गुडघा दुखतो हे माहीत आहे मला.) गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला बसला का? आणि गच्चीवरच्या कबुतरांशी त्यांचं भांडण मिटलं की अजून वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन फिरतात? आम्ही इकडे खुशाल. हल्ली तर आनंदाच्या भरात मी जेवले हेच विसरते आणि पुन्हा जेवते. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन भावोजी उचलतात आणि माझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणतात. म्हणून हे पत्र. चौथीतल्या बाईंनंतर माझं अक्षर कुणी तपासलेलं नाही, तेव्हा गोड मानून घे.

तर बातमी अशी, की तुझी धाकटी बहीण या वयात चित्रकार झाली. हसू नकोस, कवळी पडेल. माझी नात टिकली (तीच, लहानपणी तुझ्या चष्म्यावर बसलेली) हिने कॉम्प्युटरवर खेळायचा एक खेळ रचलाय. एका मुलीची बकरी राक्षसाने किल्ल्यात कोंडलेली असते, ती सोडवून आणायची. खेळ स्पर्धेत पाठवलाय, आणि पहिला आला तर पोरीला खेळ बनवणाऱ्या कंपनीत नोकरी आहे. दोन वर्षं ती घरात बसून नखं खातेय, तुला ठाऊक आहेच. पण स्पर्धेचा नियम कडक. हल्ली म्हणे यंत्राला "राक्षस काढ" असं नुसतं सांगितलं की ते काढून देतं. तसलं आयतं चित्र एकही चालणार नाही. आता टिकलीला बाकी सगळं येतं, पण चित्रकलेत आनंदीआनंद. तिची बकरी बघून मी विचारलं, ही खुर्ची कुणाची गं? त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मग चित्रांचं काम माझ्या गळ्यात घालून तिने चित्रं काढायची तीन साधनं कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, तीही फुकट. (फुकट म्हटल्यावर मी आधी पदर सावरून बसले, पण खरंच कुणी काही मागायला आलं नाही. भल्या माणसांनी आपल्यासारख्यांसाठी बनवून ठेवलीत म्हणे.) पहिलं ब्रशाचं. त्यात माझा राक्षस ओल्या फडक्यासारखा आला. दुसरं गुळगुळीत रेघांचं. त्यातली रेघ एकीकडे ओढावी तर दुसरीकडे पळते, अगदी माझ्या थोरल्या वन्संसारखी. तिसरं उघडलं आणि ताई, मी टाळीच वाजवली. नुसत्या बारीक बारीक चौकटी! एकेक चौकट रंगवायची, की लांबून चित्र दिसतं. अगं, हा तर आपला फुलीचा टाका! जन्मभर उशांचे अभ्रे भरले ते काय वाया गेले? बोटात अंगुस्तान घातलं, त्या कॉम्प्युटरच्या पेनाचं टोक दोऱ्यासारखं जिभेवर ओलं केलं (टिकली किंचाळली, पण पेन चाललं), आणि बसले. चुकलं तर उसवायला कात्रीसुद्धा नको, एक बटण दाबलं की टाका मागे. हे बटण माझ्या लग्नाआधी निघालं असतं तर किती बरं झालं असतं!

आठ दिवसांत मुलगी, बकरी, किल्ला, राक्षस, सगळं भरून दिलं. चित्रात थर असतात, एकाखाली एक. ते कळल्यावर मला चैन पडेना. आईने आपल्याला काय शिकवलं? भरतकामाची परीक्षा उलट्या बाजूने. म्हणून प्रत्येक चित्राखालच्या थरावर मी त्याची पाठही काढली, गाठी आणि दोऱ्यांच्या टोकांसकट. ती खेळात कुणाला दिसत नाही. टिकलीने कपाळावर हात मारला.

आणि परवा स्पर्धेचे परीक्षक कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले. दाढी एवढीशी, संशय एवढा मोठा. म्हणाले, चित्रं यंत्राची वाटतात. मी म्हटलं, खालचा थर उघडा की! उघडला, बकरीच्या पोटातल्या गाठी एकेक करून बघितल्या. मग म्हणाले, "आजी, इतका बिनकामाचा उद्योग यंत्र करणार नाही." टिकलीने माझा हात दाबला. पण तेवढ्यात त्यांची नजर गेली राक्षसाच्या डाव्या हातावर. सहा बोटं. यंत्रं म्हणे बोटं मोजताना नेहमी चुकतात, तेव्हा हा राक्षस तरी यंत्राचाच. मी म्हटलं, मी माणूस बघून काढलाय. ते म्हणाले, मग शनिवारी अकरा वाजता तो माणूस दाखवा, नाहीतर खेळ बाद.

आता असा माणूस कुठून आणायचा, या विचारात आम्ही दोघी आहोत. बाकी ठीक. गुडघ्याला शेक घे.

तुझी,
धाकटी

ता. क. ताई, वरचं तू मोठ्याने वाचून दाखवलं असशील, तर भावोजी एव्हाना डावा हात खिशात घालून बसले असतील. म्हणून हे पुढचं स्वयंपाकघरात जाऊन वाच. शनिवारी अकराच्या आत त्यांना इकडे घेऊन ये. राक्षस म्हणजे त्या किल्ल्याचा राजाच, असं सांग.

ता. क. २. पाच बोटं काढून वाद मिटवता आला असता, टिकली तेच म्हणत होती. पण तुझ्या लग्नाच्या गर्दीत मी हरवून रडत होते, सात वर्षांची. तेव्हा जन्मभर लपवलेला तो हात त्यांनी खिशातून काढला आणि म्हणाले, "हे जास्तीचं बोट तुझ्यासाठीच आहे, धर." तो हात पाच बोटांचा काढायला माझं पेनच चालेना. हे मात्र त्यांना सांगितलंस तरी चालेल.

ता. क. ३. राक्षसाला हरवायचा एकच उपाय ठेवलाय. तो वर्तमानपत्र वाचता वाचता घोरायला लागला की छातीवरून किल्ली उचलायची. हे सांगू नकोस.

ता. क. ४. किल्ली घेऊन बाहेर पडलं की दारात राक्षसाची बायको उभी असते. तिला आजवर कुणीच हरवू शकलेलं नाही, टिकलीसुद्धा नाही. फोटो पाठवू नकोस, चेहरा मला पाठ आहे. फक्त रागावल्यावर तू कमरेवर कुठला हात ठेवतेस, तेवढं येशील तेव्हा दाखव.