डाव्या बाजूची काच

तिसगाव,
जानेवारी १९९७

आदरणीय जयमालाआक्का हीस धाकट्या भिमाजीचा जयभीम. तुषारदाजींना आणि पोरांना घरातल्या सगळ्यांचा जयभीम. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्हीही देवळालीत ठीक असाल असं धरून चालतो, कारण धरून चालण्यावाचून तू दुसरी सोय ठेवलेली नाहीस. (आधीच्या पत्रांचं उत्तर आलं नाही. पोस्टमनशी माझं भांडण होता होता राहिलं.) आईची तब्येत बरी आहे. गुडघे तेवढे थंडीत बोलतात.

पत्राचं कारण जीपची काच. थंडी पडल्यापासून समोरची काच अशी धुरकट झाली आहे की सकाळचं ऊन समोर आलं, की रस्ता जातो आणि नुसता पांढरा उजेड उरतो. मागे सीट भरून माणसं, आणि मी मान बाहेर काढून गाडी हाकतोय, हे बरं दिसत नाही. पाथर्डीच्या रस्त्याला एक म्हैस मला दिसली, ती तिनं मला पाहिल्यानंतर बऱ्याच वेळानं. (म्हैस हलली नाही. मी हललो, थेट ओढ्याच्या कडेला.) तेव्हापासून माणसं आधी काचेकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि मग एसटीची वाट बघतात. धंदा बसायची वेळ आली आहे.

काच पुसायचा उपाय माहीत नाही असा माणूस आपल्या तालुक्यात अजून जन्मायचा आहे. कुणी पेपर ओला करून घासायला सांगितला, कुणी मिठाची पुरचुंडी. बटाट्याची फोड घासली, तर उन्हात बटाट्याचाच एक थर दिसायला लागला. पण खरी गंमत झाली घोडेगावच्या बाजाराला जाताना. गाडीत म्हशींचे व्यापारी होते. त्यांतले आसारामभाऊ म्हणाले, पावसात ट्रकवाले काचेला तंबाखू चोळतात, तू काय बघत बसलास. गोष्ट खरी आहे, तंबाखू चोळली की काचेवर पाणी ठरत नाही. पण भाऊंनी दिली ती त्यांच्या तळहातावरची, मळून तयार केलेली, आणि मीही शहाणा, ती तशीच चुन्यासकट चोळली. बाजारात पोचेपर्यंत चुना वाळला आणि काच सणाला सारवल्यासारखी पांढरी झाली. लोक म्हशी सोडून जीपभोवती जमले. एका म्हाताऱ्यानं तर बॉनेट उचलून आत असं बघितलं, की जीपचे दातच मोजायचे राहिले.

घरी येऊन मी पुन्हा घासायला लागलो, तेव्हा तुझी भावजय शुभांगी आत बसून बघत होती. ती म्हणाली, अहो, बाहेरून काय घासताय, मळ आतून आहे. इतके दिवस मी चुकीच्या बाजूनं हात मोडत होतो. आतून बोट फिरवलं तर तेल लागलं, आणि त्याला कापराचा वास होता.

आक्का, तो वास तुला सांगायला नको. बाबा जन्मभर एसटीत कंडक्टर. सगळी नोकरी मागे उभं राहून ड्रायव्हरवर विश्वास ठेवला, आणि निवृत्त होऊन माझ्या शेजारी पुढे बसले तेव्हा तो विश्वास उडाला. गाडी जरा पळाली, की ते तळवा काचेला टेकवून ती थांबवायचे. ब्रेक माझ्या पायाखाली होता, पण गाडी त्यांच्या हातानं थांबते अशी त्यांची खात्री होती. गुडघ्यांना कापूर घातलेलं करडईचं तेल चोळून निघायचे आणि हात पुसायला त्यांना कधी सवड नसायची. पाऊसकाळात ते गेले, तेल मात्र काचेवर राहिलं.

शुभांगीनं शिकेकाई कढवून काच आतून धुतली. दुपारी ती झकास दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत बसलो, श्वासानं काच धुकटली, आणि डाव्या बाजूला सबंध पंजा उमटला. मधलं बोट बाबांच्यासारखं वाकडं. पुसला, तर दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. तेव्हा विनंती अशी, की दाजींच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये भारी स्पिरिट असतं. त्याची एक बाटली कुणाबरोबर तरी पाठव. त्याशिवाय हा डाग जाणार नाही.

तुझा,
भिमाजी

ता.क. बाटली पाठवू नकोस. पत्र पेटीत टाकायच्या आधी आईला दवाखान्यात न्यायचं होतं. ती बाबांच्या जागेवर बसली आणि तिला पंजा दिसला. मी घाईनं फडकं उचललं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यांचा हात हाय." मी फडकं सीटखाली टाकलं. पत्र आठवडाभर खिशातच राहिलं, आणि आता ती रोज सकाळी जीपमध्ये येऊन बसते. दुपारी पंजा दिसत नाही, तर काचेवर तोंडानं वाफ सोडून बघते. (माणसं विचारतात, म्हातारी काचेशी काय बोलते. मी सांगतो, काच तपासते.) माझ्या बाजूची अर्धी काच मी लख्ख ठेवतो, डावीकडची तशीच आहे. रस्ता दिसतो. पण मला रडू येतं आणि मग तोही दिसत नाही.

ता.क. दुसरा. बाबांचा जलदानविधी आटोपून निघताना तू म्हणालीस, बाबा गेले, आता इथं माझं काय राहिलंय. पंजा राहिलाय, आक्का. ऊन तापायला लागलं की काच धुकटायची नाही, म्हणून थंडी आहे तोवर ये. मी गुपचूप माझा हात त्या पंजासमोर धरून बघितला, बोटं आखूड पडली. आईनं पाहिलंच. म्हणाली, "तुझा न्हाई बसायचा. जयमालाचा हात त्यांच्यावानी हाय." मी म्हणालो, ती हात लावेल आणि पंजा पुसून जाईल. तशी तिनं काचेवर पुन्हा एक वाफ सोडली.

"तिच्या हातानं पुसला तर पुसू दे," म्हणाली.