चौतीस दुपारी

३ जून

चि. सौ. ठकीस, अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस फोटोचं दुकान उघडलंच नाही. डॉक्टरांनी मास्तरांना महिन्या-दीड महिन्याचीच मुदत दिली म्हणतेस. मास्तर आणि तुमची दोन महिन्यांची छकुली, रोज एक फोटो, हा तुझा हट्ट रास्त आहे. माझा जर्मन कॅमेरा रोल भरून पाठवतो आहे. छोट्या खिडकीतून बघ, मास्तर दोन दोन दिसतील. भिंगाची कडी फिरवून दोघांचे एक झाले की बटण दाब. हातात धरलास तर हलेल, म्हणून कॅमेरा शिवणयंत्रावरच ठेव, जागचा हलवू नकोस. दर फोटोनंतर फिल्म पुढे सरकवायची किल्ली फिरव; जड लागली तर दे जरा जोर. गोडीगुलाबीने ऐकत नाही तो, तुझ्यासारखाच आहे.

मास्तरांना जप, स्वतःलाही जप.

दादा

१२ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

कॅमेरा सुखरूप पोचला. पहिल्याच दिवशी किल्ली अडली. तू सांगितल्याप्रमाणे जोर लावला, कर्र वाजलं, आणि तेव्हापासून इतकी हलकी झाली आहे की छकुलीसुद्धा फिरवेल. दोनाचे एक करताना माझी तारांबळ उडाली, तर हे म्हणाले, हिला एक नवरा झेपत नव्हता, आता दोन झाले.

रोज दुपारी चारला खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात, छकुलीचं डोकं डाव्या हातावर घेऊन. बसायलाच दहा मिनिटं लागतात, पण भांग पाडल्याशिवाय फोटो काढू देत नाहीत. आमच्या घरात ह्यांचा एकच फोटो, लग्नातला, आणि त्यातही मान खाली. पोरीला बाप नीट दिसू दे, म्हणतात.

येऊन जा.

तुझी ठकी

२४ जुलै

चि. ठकीस, अ. आ.

पहिला कागद फाडला. सवयीने सौ. लिहून गेलो होतो.

मास्तर गेले तेव्हा तू माझ्या हातात दिलेला रोल काल धुतला. सरळच सांगतो, फोटो नाहीत. रोल जुना होता, कडक झालेला. तू जोर लावलास तेव्हा ज्यांना धरून फिल्म पुढे सरकते ती कडेची भोकं फाटली आणि फिल्म तिथेच थांबली, किल्ली नुसतीच फिरत राहिली. चौतीसच्या चौतीस दुपारी एकाच चौकोनावर, एकावर एक. सात वेळा छापून पाहिलं. खुर्ची आली, खिडकीचे गज आले. मास्तर रोज थोडे उतरत गेले, छकुली वाढत गेली, म्हणून दोघांचा नुसता धूर झाला. डावा हात तेवढा स्पष्ट आहे. तो त्यांनी कधी हलवला नाही. तो फोटो सोबत पाठवला आहे.

किल्लीला जोर दे, हा शहाणपणा माझा. किल्ली हलकी झाल्याचं तू कळवलंही होतंस. वीस वर्षं हेच काम करतो, मला तिथेच समजायला हवं होतं. मी हसलो आणि पत्र ठेवून दिलं.

काय लिहू आणखी.

दादा

२ ऑगस्ट

ती. दादास, सा. न. वि. वि.

फोटो मिळाला. भिंग लावून चेहरा शोधला, नाही सापडला. मी तुझ्यावर रागावले आहे आणि ते लपवत नाही.

रोज भांग पाडायचे रे. आणि मी कॅमेऱ्याच्या खिडकीतून दोनाचे एक करत बसायची. नुसती बघत बसले असते तर बरं झालं असतं. आता डोळे मिटले तरी पुरते आठवत नाहीत.

फोटो पाळण्याशेजारी लावला आहे. त्या हातावर बोट ठेवून छकुलीला सांगते, हे बाबा.

लोभ आहेच. तो वाढवायला मात्र मला थोडे दिवस दे.

तुझी ठकी