फाटकाजवळचं अष्टकोनी घर

२ ऑगस्ट
वास्तुकार बाई आल्या! टेप, शिडी, कॅमेरा. मागच्या बंगल्यात ज्या संस्थेचं कार्यालय आहे तिनेच पाठवलं. फाटकाजवळच्या या घराची पाहणी करायची म्हणे. माझे वडील इथले फाटकवाले, त्यांच्यानंतर मी. पण या घराकडे मान वर करून कुणी पाहिलं ते आजच. मला कोण आनंद! निमुळत्या कमानी दाखवल्या — दोन ओळी दोन बाजूंनी चढत जातात आणि टोकाला यमक जुळतं. दारावरचे दगडी चेहरे दाखवले, डावा हसरा, उजवा रुसलेला. छपराखालची कोरीव लाकडी झालर. पत्त्यांतल्या चौकटीसारख्या काचा. बाई भराभर लिहून घेत होत्या. माझं शार्दूलविक्रीडित सुरू झालं असणार, कारण आतून ही म्हणाली, "त्यांना श्वास घेऊ द्या जरा."

३ ऑगस्ट
बाईंनी जाता जाता सांगितलं ते मनातून जात नाही. भिंतींना बाहेरून लावलेले दगडी टेकू म्हणे काहीच पेलत नाहीत. दुसरं धुराडं खोटं, त्याच्याखाली चूलच नाही. रस्त्याकडची एक खिडकी नुसती चौकट, मागे सपाट भिंत. सगळं येणाऱ्या पाहुण्यावर छाप पाडायला! लहानपणी त्या खिडकीमागे एक खोली आहे असं मी धरूनच चाललो होतो. कोण कोण राहायचं माझं त्या खोलीत...

१९ ऑगस्ट
बाईंचा अहवाल मंजूर. घर जतन होणार. म्हणजे मूळ रूपात आणणार. म्हणजे वडिलांनी मागे वाढवलेलं स्वयंपाकघर, न्हाणी, दोन खोल्या — सगळं पाडणार, आणि अष्टकोनी खोलीत पाहुण्यांसाठी माहितीकक्ष. आम्हाला कार्यालयामागच्या नव्या इमारतीत जागा. आणि एकेक दगड कौतुकाने दाखवला कुणी? मीच! आपल्याच हाताने पायावर धोंडा.

२० ऑगस्ट
काही सुचत नाही.

२४ ऑगस्ट
मुलाला फोन केला. म्हणाला, "बाबा, घर वाचलं ना? मग सुतक कसलं?" मी म्हटलं, माझं सोड, तुझ्या आईचं काय? तिला आता सगळं धुरकट दिसतं. हाताने चाचपत वावरते ती इथे. आठ भिंती, आठ कोन, दारातली ती अवघड पायरी — सगळं बोटांना पाठ. परक्या जागेत हरवून जाईल. मग आई काय म्हणते, असं विचारलं त्याने. ती काय म्हणणार! मुकाट भाजी निवडत बसली आहे.

३० ऑगस्ट
बाईंना गाठून हात जोडले. या वयात! म्हटलं, रंगवा, खरवडा, काय हवं ते करा, पण हिला हलवू नका. बाईंचा चेहरा उतरला. आपण असं होईल हे मनात आणलंच नव्हतं, म्हणाल्या. संस्थेच्या साहेबांशी बोलून बघतील. मागच्या खोल्या निदान आमच्या हयातीत राखता येतील. मात्र साहेब येऊन हिला स्वतः विचारणार. विचारू देत!

५ सप्टेंबर
आज हिला नुसता बघत बसलो. भिंतीवरून हात फिरवत दारापर्यंत गेली, परत आली. शाळेतल्या कवितेसारखं येतं तिला हे घर, कुठे अडखळणं नाही. कोपर तेवढं एका कोनाला लागलं.

९ सप्टेंबर
साहेब आले. तुम्ही म्हणाल तसं करू, असं त्यांनी हिला सांगितलं.

ही म्हणाली, "नव्या खोल्या चौकोनी आहेत ना? मग तिकडेच द्या. इथे साधं कपाट भिंतीला टेकत नाही, साहेब. आणि काळोख! डोळे धड होते तेव्हाही मला इथे दिवसा दिवा लागायचा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

किल्ली कधी मिळेल, तेही तिनेच विचारून घेतलं.