मोरांचा रखवाला, मुक्काम नांदूरघाट

भाद्रपद वद्य ५, फसली १३२३
केजच्या कचेरीत पेशकारांनी सांगितलं, निजाम सरकारचा शिकारबंदीचा नवा कायदा आलाय. जो जमीनदार आपल्या हद्दीत मोर राखील त्याला सनद, आणि चौकीदाराचा पगार सरकारी खजिन्यातून. हे काम माझ्याशिवाय कोण करणार? शेजारचा बंकट करील, म्हणून घाई. मोरांवर माझं लहानपणापासून प्रेम. वच्छलाबाईंचं म्हणणं, परवापर्यंत मोर ओरडला की मी कानात कापसाचे बोळे घालायचो. बायको आहे, काहीही लक्षात ठेवते.

भाद्रपद वद्य ९
दरख्वास्त दिली. मोर किती, असं विचारलं. अगणित म्हणालो. हद्दीत नुसती डोंगराची पड लिहिली तर सनद किरकोळ दिसेल, म्हणून खालचं काळं रानही लिहवलं. घरी वच्छलाबाईंनी विचारलं, तिथं हरभरा पेरायचाय, ते कावून लिहिलं? सरकारी काम बायकांना समजत नाही.

दसरा
सनद आली! उर्दूत आहे. मला उर्दू उत्तम येते, पण लिहिणाऱ्याचं अक्षर खराब. माझं नाव वाचलं. सनदेला हळदकुंकू वाहिलं. म्हाळू धनगराला चौकीदार नेमलं. त्यानं कचेरीत जाऊन कलमं तोंडपाठ करून घेतली. दगड मारायचा न्हाई, डबा वाजवायचा न्हाई, हुसकायचं न्हाई. जुर्मान्यात पकडणाऱ्याचा हिस्सा. माणूस बरोबर निवडला.

कार्तिक शुद्ध ४
हरभरा उगवला. मोर आले. त्यांनाही सनदेची खबर लागलेली दिसते.

कार्तिक शुद्ध ७
वच्छलाबाई डबा घेऊन रानात गेल्या. म्हाळूनं अडवलं. मी म्हाळूची बाजू घेतली. कायदा घरापासून सुरू व्हावा.
जेवायला शिळी भाकरी.

कार्तिक वद्य २
बंकट अभिनंदनाला आला. रोज सकाळी थाळी बडवत आपल्या रानातले मोर बांधावरून माझ्याकडे लावून देतो म्हणाला. चला, लोकांचाही हातभार लागतोय.

कार्तिक वद्य ५
केजला गेलतो. काळं रान सनदेतून काढता येईल का, सहज विचारलं. मोक्यावर पाहणी झाल्याबिगर न्हाई, आणि साहेब चैत्रात येणार. चौकीदाराचा पगार? मंजूर हाय, रवाना न्हाई. तोवर मीच देतोय. सरकारला आधार.

कार्तिक वद्य ९
बुजगावणं उभं केलं. म्हाळूच्या मते हेही हुसकणंच. तासभर वाद. तेवढ्यात एक मोर बुजगावण्याच्या डोक्यावर जाऊन बसला. वाद मिटला.

मार्गशीर्ष शुद्ध १, पहाट
रानात गेलो, निरीक्षणाला. अर्धं रान उघडं पडलंय. दगड हातात कसा आला, आठवत नाही. मोराला लागलाही नाही. मागून म्हाळू म्हणाला, "मालक, दुसरा खाली ठेवा."
मी म्हणालो, "अरे, तुला नोकरीवर मीच ठेवलंय."
"म्हणून तर इमानानं करतो. चला कचेरीत."
वाटेत त्यानं मला आपल्यातली अर्धी भाकरी दिली. घेतली नाही. मग घेतली.

मार्गशीर्ष शुद्ध ८
जुर्माना भरला. तहसीलदार साहेबांनी भर कचेरीत माझं नाव घेतलं. या कायद्याखाली तालुक्यातली पहिली कारवाई माझ्याच हद्दीत झाली म्हणाले. बंकटचा उल्लेखसुद्धा नाही.

भोगी
भोगीच्या भाजीला ओला हरभरा लागतो. आमच्या रानात नुसत्या काड्या. वच्छलाबाई बंकटच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोनं घाटे पदरात भरून दिले आणि निरोप दिला, "औंदा आमचं पीक लई चांगलं आलं. भाऊजींना म्हणावं, पुढल्या सालीबी मोर असेच राखा."
वच्छलाबाईंनी निरोप जसाच्या तसा सांगितला. मग भाजी वाढली. मी खाली मान घालून जेवलो. आणखी भाजी मागितली.
संपली होती.