होय दाबण्याबाबत

मांडवगण फराटा,
१६ जानेवारी

तीर्थस्वरूप म्हाळूआप्पांना बिरदेवचा पाया पडून नमस्कार.

इकडे आम्ही आहोत तसे आहोत. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा. (वहिनींनी सांगितलेलं तेल मीही लावून पाहिलं. गुडघा तसाच आहे, पण तेलाचा वास जात नाही.) संक्रांत झाली. यंदा आमच्याकडे तिळगूळ करायचा नव्हता, म्हणून पाठवला नाही. पत्राचं कारण असं, की तुमची बहीण गिता गेल्याचा फोन घेताना तुमचा मोबाईल विहिरीत पडला, आणि तेव्हापासून तिची डाळिंबाची शेवटची नोंद लोंबकळत राहिली आहे. रविवारी तुमचा स्वराज नवा मोबाईल घेऊन येणार असं कळलं. तो सुरू झाला की डाळिंब घेणारी कंपनी त्या नोंदीचा मेसेज परत पाठवील. खाली 'होय' आणि 'नाही' असं असेल. तुम्ही काहीच दाबू नका. गिता गेल्यापासून मी तुमच्याकडे काही मागितलेलं नाही, एवढं मागतो. तुम्ही प्रत्येक मेसेजला न वाचता होय दाबता हे मला माहीत आहे, म्हणून कागदावर लिहितो. कागदावर दाबायला काही नसतं.

का दाबायचं नाही हे कळण्यासाठी आधी या नोंदी जिच्यात राहतात ती ब्लॉकचेन म्हणजे काय ते कळलं पाहिजे. मला दीड वर्ष लागलं, तेव्हा तुम्ही सावकाश वाचा. आपलं डाळिंब हॉलंडला जातं. तिथलं गिऱ्हाईक खोक्यावरचा चौकोनी शिक्का मोबाईलने बघतं, की त्याला फळ कुणाच्या बागेतलं, कधी फवारलं, कधी तोडलं, गाडीत किती गारव्यात ठेवलं ते सगळं दिसतं. यातली प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीला जखडलेली असते आणि तिची प्रत कंपनीकडे, पॅकिंगवाल्यांकडे, गाडीवाल्यांकडे, हॉलंडात, सगळीकडे असते. एकाने आपल्याकडची बदलली तर ती बाकीच्यांशी जुळत नाही. मी ते असं समजून घेतलं: वाडवडिलांच्या काळी पाच घरांची मेंढरं एकत्र चरायची, तेव्हा कोकराच्या कानाला खूण पाडायची ती पाचही घरांच्या देखत. पुढे कुणी हे माझं म्हणाला, तरी चौघांनी पाहिलेलं असायचं. (कंपनीच्या रुपालीताईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मामा, आमच्या सायबांपेक्षा तुम्हाला बरं कळलंय." त्यानंतर त्यांनी मला काही समजावणं सोडून दिलं.) पण मुळातली नोंदच खोटी असली तर ती कायमची खोटीच राहते. ते मशीनला कळत नाही. म्हणून घराबाहेरच्या एका माणसाने प्रत्येक नोंदीला होय म्हणायचं असतं. गिताने तुमचं नाव दिलं.

बाग कंपनीत तिच्याच नावावर होती. पहिल्या दिवशी रुपालीताईंनी सांगितलं, की घडलं तेच लिहायचं, आणि तिने ते मनावर घेतलं. नोंदीखाली शेऱ्याला जागा असते. लोक तिथे 'ठीक' लिहितात. तिने लिहिलं, 'आज फवारणी केली. ह्यांनी मास्क लावला न्हाई. सांगून आयकत न्हाईत.' तुम्ही होय दाबलंत. ते त्यांच्या भाषेत होऊन हॉलंडला गेलं आणि महिन्याने विचारणा आली, की शेतकरी बाईंच्या यजमानांना मास्क लावण्याचं प्रशिक्षण मिळालं आहे का. मला तळेगाव ढमढेऱ्याला अर्धा दिवस वर्गात बसवलं. वर्गात मी एकटाच होतो. (प्रमाणपत्र आहे.) पुढे एकदा तिने लिहिलं, 'पाणी दिलं न्हाई. मोटार बिघडली म्हणत्यात. मोटार चांगली हाय.' मी रुपालीताईंना म्हटलं, हे तेवढं खोडा. "खोडता येत न्हाई मामा. खाली दुरुस्ती लिहा." मी लिहिलं, मोटार बिघडली होती. तुम्ही त्यालाही होय दाबलंत. म्हणजे आता मोटार चांगली होती आणि बिघडलेलीही होती, दोन्ही तुमच्या साक्षीने कायमचं. गिता दोन दिवस जेवताना मध्येच हसायची.

तर शेवटची नोंद तिने तोडणीच्या आदल्या दिवशी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्या नोंदीत घरातली एक गोष्ट आहे, तिच्याशी हॉलंडच्या माणसाचा काही संबंध नाही. एकतीस तारखेला हंगाम बंद होतो. तोवर होय आलं नाही तर ती आपोआप गळून जाते. गळू द्यावी. शेजारची हर्षदा तुमच्या भांडगावला माहेरी निघाली आहे, तिच्याजवळ पत्र देतो. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
बिरदेव

ता. क. हर्षदाची जीप चुकली, ती उद्या जाणार, त्यामुळे पत्र परत माझ्याकडे आलं. ती नोंद अशी आहे: 'उद्या तोडणी. माल तयार हाय. चौथ्या ओळीत बसले ती उठवंना. दम लागतो. ह्यांना सांगितलं न्हाई, तोडणी थांबवत्याल.' मी तेव्हा पाचव्या ओळीत होतो. वर घरातली गोष्ट वगैरे लिहिलं आहे ते बरोबर नाही. ही नोंद राहिली तर मला दिसलं नाही हेही राहील, म्हणून नको होती. पण तिने माझ्याबद्दल लिहिलेलं आजवर एकही खोटं निघालेलं नाही (मोटारसुद्धा). त्या दुपारी तिने तुम्हाला फोनवर दम लागतो म्हणून सांगितलं होतं, हे तुम्ही मला दहाव्याला सांगितलंत. तुम्हाला ते बोलून दाखवणं जड गेलं होतं, एवढं मला दिसलं. नोंद खरी आहे हे तुम्हालाही माहीत आहे. होय दाबा.

आणखी एक. तुमचं होय आलं की तिच्या नोंदी पुऱ्या होतात, मग कंपनी तिचं खातं बंद करून बाग माझ्या नावावर घेते. तोवर सकाळी मोबाईल उघडला की 'नमस्कार गिताबाई' असं येतं. तुम्ही तीस तारखेला दाबलंत तरी चालेल.