माळावरची माता आणि टँकरचं पाणी

४ ऑगस्ट
फादरांना परत म्हणालो, माझी बदली करा. हसले. "ब्रदर, माता तुम्ही बसवली. तुम्ही गेल्यावर माळावर कोण येईल?"
मिशनचं वसतिगृह बंद पडलं तेव्हा मरियामातेची मूर्ती अडगळीत पडलेली. नाक तुटलेलं. माझ्या प्रार्थनेपुरती माळावर दगड रचून ठेवली. एवढंच. तीर्थ करायचं मनात कुठं होतं?

९ ऑग.
पाटोद्याकडून जीपा भरून लोक. आपले ख्रिस्ती थोडे, बाकी हिंदू, बौद्ध बाया. मातेजवळच्या टाकीच्या नळापुढं बाटल्यांची रांग. पाण्यानं बरं होतं म्हणतात. पहिल्यांदा कोण बोललं कुणास ठाऊक. मी न्हाई.

१२ ऑग.
कांताबाई इथं झाडलोट करते. नवरा नामदेव, टीबीचा. त्याच्या गोळ्या बंद केल्या म्हणाली.
"कावून?"
"गोळ्यांनी उलट्या व्हतेत. मातेच्या पाण्यानं न्हाई. लई हुशारी आलीय त्यायला."
समजावलं, रागावलो. ती नुसती पाया पडली.

१३ ऑग.
नामदेवकडं गेलतो. "खोकला कमी हाय, ब्रदर," खोकतच म्हणाला. सरकारी दवाखान्यातली सिस्टर गोळ्या घेऊन आली की हा शेताकडं निघून जातो.

१७ ऑग.
रांगेपुढं उभा राहून सांगितलं, पाणी टँकरचं हाय, टाकीत मीच सोडतो. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बग, किती साधा माणूस. मोठेपणा घेतच न्हाई." आणि माझ्याच पाया पडली.
दुपारी नळ बंद केला. फादरांनी उघडला. मातेच्या जन्मोत्सवाला बिशपसाहेब येणार, तीर्थस्थान जाहीर करणार. "पाणीच नसलं तर लोक कशाला येतील?"

२९ ऑग.
नामदेवच्या थुंकीत रक्त. तरी कांताबाई बाटली भरत होती. मी हिसकावली. सगळे बघत राहिले. ती म्हणाली,
"माता तुमीच आणली ना? मग तुमीच कावून आडवं येता?"
बाटली परत दिली.

८ सप्टें.
मातेचा जन्मोत्सव. मांडव गच्च. बिशपसाहेबांनी आशीर्वाद दिला. फादरांनी माईक हातात दिला. "मूर्ती कशी आली तेवढंच सांगा."
मी गोळ्यांचं बोललो. मातेकडं या, पण औषध सोडू नका. नामदेव, तू पण. नाव घ्यायला नको होतं. माना वळल्या. फादरांनी गाणं सुरू करायला खुणावलं.
कांताबाई उठली, नवऱ्याला दंडाला धरून बाहेर निघाली. मी मागं निघालो तर बायांनी लेकरं पुढं केली, डोक्यावर हात ठेवा म्हणून. ठेवत गेलो.
ती दोघं दवाखान्याच्या वाटेला लागली का घराच्या, दिसलं न्हाई.